पात्रता कोणाची? मुलींच्या फुटबॉलमधल्या पात्रता फेऱ्यांचा इतिहास

 

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं फुटबॉलवर बोलायचं, तेही मुलींच्या, सतरा आणि वीस वर्षांखालच्या, आणि त्यातही विश्वचषक सोडून त्याच्या पात्रता फेऱ्यांवर! विश्वचषकाचा अंतिम सामना निदान टीव्हीवर दिसतो. पात्रता फेरी मात्र बिश्केक किंवा यांगूनसारख्या ठिकाणी, बरेचदा रिकाम्या खुर्च्यांसमोर होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळींत संपते. तरीसुद्धा माझं म्हणणं असं आहे की मुलींच्या फुटबॉलचा खरा इतिहास या दोन ओळींच्या बातम्यांमध्ये आहे. ते का, हेच आज सांगायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'पात्र' हा आपल्याकडचा मोठा कामसू शब्द. पात्र म्हणजे भांडं. पात्र म्हणजे योग्य माणूस, आपण 'सत्पात्री दान' म्हणतो तो. नाटकातलं पात्र असतं आणि नदीचंही पात्र असतं. 'संघ पात्र ठरला' असं आपण सहज म्हणतो, पण नेमकं कोण पात्र ठरलं? त्या दिवशी मैदानावर धावलेल्या अकरा मुली, की त्यांच्या अंगावरच्या शर्टावर ज्याचं नाव आहे तो देश? मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न फारसा अडत नाही. मुलींच्या वयोगटात तो अडतो, आणि एकदा फार वाईट रीतीनं अडला. तिथपर्यंत जायला थोडा इतिहास लागेल.

पहिली गोष्ट, उशिराची. फिफानं तरुण मुलग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९७७मध्ये ट्युनिशियात घेतली. त्याहून लहान, सोळा वर्षांखालच्या मुलग्यांची १९८५मध्ये चीनमध्ये घेतली. मुलींची पहिली जागतिक वयोगट स्पर्धा झाली २००२मध्ये, कॅनडात. म्हणजे मधे पंचवीस वर्षं गेली. यामागचं कारण समजायला आणखी मागे जावं लागतं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं १९२१मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीच्या महासंघानं १९५५ ते १९७० अशी बंदी ठेवली. ब्राझीलमध्ये तर १९४१पासून १९७९पर्यंत सरकारी फर्मानच होतं. जिथे आईला खेळायला मैदान नव्हतं तिथे लेकीसाठी वयोगट स्पर्धा कोण भरवणार? बायकांचा पहिला विश्वचषक १९९१मध्ये झाला, आणि मुलींचा विचार त्यानंतर सुरू झाला.

युरोपनं त्यात पुढाकार घेतला. १९९७-९८च्या हंगामात अठरा वर्षांखालील मुलींची पहिली युरोपीय स्पर्धा झाली, ती डेन्मार्कनं जिंकली. पुढे वयोमर्यादा एकोणीस झाली. मग २००२मध्ये कॅनडात बारा देशांच्या मुली जमल्या. एडमंटनमध्ये अंतिम सामना झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. प्रेक्षक ४७,७८४! अमेरिकेनं जादा वेळेत गोल करून सामना जिंकला. बायकांचं फुटबॉल बघायला कोण येणार, असं ठामपणे सांगणाऱ्या माणसांना त्या दिवशी परस्पर उत्तर मिळालं.

पण माझं लक्ष त्या बारा संघांकडे नाही, ते बारा निवडले कसे गेले याकडे आहे. जागतिक स्पर्धा जाहीर झाली की प्रत्येक खंडाला आपली पात्रता स्पर्धा घ्यावी लागते. आशियानं २००२मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींची पहिली स्पर्धा घेतली, आणि ती कुठे घेतली ठाऊक आहे? भारतात. फार थोड्यांना हे आठवतं. जपाननं ती जिंकली, तैवान दुसरं आलं, आणि हे दोन देश कॅनडाला गेले. आपल्या मुलीही खेळल्या. आपण यजमान होतो. कॅनडाला मात्र पाहुणे गेले.

आता पात्रता फेरी करते काय ते पाहा. समजा तुम्ही एखाद्या गरीब देशाच्या फुटबॉल महासंघाचे सचिव आहात. पैसे कमी, मैदानं कमी, आणि कार्यकारिणीत सगळे पुरुष. मुलींचा संघ हवा का, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : हवा, पण पुढच्या वर्षी बघू. हे 'पुढच्या वर्षी' कधीच उजाडत नाही. आणि एक दिवस खंडाच्या कचेरीतून पत्र येतं. अमुक तारखेला, अमुक गावी, अमुक तारखेनंतर जन्मलेल्या मुलींचा संघ घेऊन या, नाहीतर नाव काढून घ्या. आता मुली शोधाव्या लागतात, प्रशिक्षक नेमावा लागतो, पासपोर्ट काढावे लागतात, जन्मदाखले गोळा करावे लागतात. एखाद्या खेड्यातल्या बापाला समजवावं लागतं की मुलगी तीन आठवडे घरी नसेल. विश्वचषकाची ही सक्ती जेमतेम सोळा किंवा चोवीस देशांवर असते. पात्रता फेरीची सक्ती नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक देशावर असते. चांगल्या हेतूंना तारीख लागते, नाहीतर ते हेतूच राहतात. नीतिशास्त्राच्या वर्गात मी हे वेगळ्या उदाहरणांनी शिकवत असे, पण याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

प्रत्येक खंडानं आपापली पद्धत बसवली. युरोपात चार-चार संघांचे गट एका देशात जमतात आणि आठवड्याभरात तीन सामने खेळतात. सतरा वर्षांखालील मुलींची युरोपीय स्पर्धा २००७-०८मध्ये सुरू झाली तेव्हा अंतिम टप्प्यात फक्त चार संघ असत, आणि तो स्वित्झर्लंडमधल्या न्योंला होई. २०१३-१४पासून आठ संघ झाले. २०२१-२२पासून तर त्यांनी वरची आणि खालची अशा दोन पायऱ्या केल्या : हरलात तर खाली, जिंकलात तर वर. म्हणजे दुबळ्या देशाच्या मुलींना दर वेळी जर्मनीकडून दहा गोल खावे लागत नाहीत, आपल्या तोडीचे सामनेही मिळतात. आफ्रिकेत बाद पद्धत आहे, एक सामना आपल्या घरी आणि एक त्यांच्या घरी. तिथे पैशाअभावी संघ माघार घेतात आणि समोरच्याला न खेळताच पुढे चाल मिळते. आशियात गट, मग आशियाई चषक, आणि त्यातले वरचे संघ विश्वचषकाला. जिन्याची प्रत्येक पायरी ही पुढच्या पायरीची पात्रता.

या जिन्यावर न्याय होतो का? मार्च २०१०मध्ये कोस्टा रिकात उत्तर आणि मध्य अमेरिकेची सतरा वर्षांखालील मुलींची पात्रता स्पर्धा झाली. अमेरिकेचा संघ बलाढ्य. त्यांनी गोलांची रास घातली आणि स्वतः एकही खाल्ला नाही. उपांत्य सामन्यात कॅनडाशी शून्य-शून्य अशी बरोबरी झाली, पेनल्टी शूटआऊटमध्ये त्या हरल्या, आणि विश्वचषक हुकला. पूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता घरी! म्हणून मी म्हणतो, पात्रता आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता फेरी सर्वोत्तम कोण याचा निवाडा करत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमांनी कोण पुढे गेलं एवढंच ती सांगते. नियम आधी सर्वांना माहीत होता आणि सर्वांना सारखा होता, यातच तिचा न्याय आहे.

त्याच स्पर्धेत, त्याच गटात आणखी एक संघ होता. हैती. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्तोप्रँस कोसळली, फुटबॉल महासंघाची इमारत कोसळली, आत काम करणारी अनेक माणसं गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी हैतीच्या मुली कोस्टा रिकात मैदानावर उतरल्या. मोठ्या फरकानं हरल्या. गुणतक्ता पाहिला तर त्यांच्या नावापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

आता इथे कोणीही विचारेल, मग जाण्याचा उपयोग काय झाला? हैतीचा पुढचा इतिहास बघू. जानेवारी २०१८मध्ये वीस वर्षांखालील मुलींच्या पात्रता स्पर्धेत, त्रिनिदादला, हैतीनं तिसऱ्या जागेच्या सामन्यात कॅनडाला १-० हरवलं आणि पहिल्यांदाच विश्वचषक गाठला. त्या संघात मेल्शी द्युमोर्ने नावाची मुलगी होती. ऑगस्टमध्ये फ्रान्सला विश्वचषकात खेळली तेव्हा वय वर्षं चौदा. तिथे हैती तिन्ही सामने हरली. मग फेब्रुवारी २०२३मध्ये, न्यूझीलंडला, मोठ्या बायकांच्या विश्वचषकाच्या शेवटच्या पात्रता सामन्यात हैतीनं चिलीला २-१ हरवलं. दोन्ही गोल द्युमोर्नेचे. हैतीच्या बायका पहिल्यांदा विश्वचषकाला गेल्या. २०१०च्या पराभवांमुळे २०२३चा विजय झाला, असं सरळ कार्यकारण मी जोडणार नाही. तर्कशास्त्राचा माणूस तेवढं पथ्य पाळतो. पण २०१०मध्ये 'आत्ता कुठे फुटबॉल' असं म्हणून जिना मोडला असता, तर २०१८ला चढायला पायरी नसती, हे म्हणायला हरकत नाही.

आता वयाच्या रेघेकडे येऊ. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारखेची एक रेघ असते, बहुधा १ जानेवारीची. २०२२च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाला रेघ होती १ जानेवारी २००५. एकाच दवाखान्यात ३१ डिसेंबर २००४च्या रात्री अकराला जन्मलेली मुलगी बाहेर, आणि मध्यरात्रीनंतर जन्मलेली आत. दोघींमध्ये दोन तासांचं अंतर. ही रेघ निसर्गात कुठे नाही, आपण ओढलेली आहे. तरी ती हवीच, कारण रेघ नसेल तर वयोगटच उरत नाही. मात्र अशा रेघेनं आपल्यावर एक जबाबदारी येते. मोठ्या खेळाडूचा एक विश्वचषक हुकला तर ती चार वर्षांनी पुन्हा येऊ शकते. सोळा वर्षांच्या मुलीची स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलली, तर तुम्ही ती तिच्यापुरती रद्द केलेली असते.

आणि नेमकं हेच घडलं. सप्टेंबर २०१९मध्ये थायलंडच्या चोनबुरीला सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा झाली. जपान पहिलं, उत्तर कोरिया दुसरं. २०२०चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता, त्याची ही पात्रता. मग महामारी आली. स्पर्धा आधी पुढे गेली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये फिफानं ती रद्दच केली. यजमानपद भारताकडे ठेवलं, पण २०२२च्या स्पर्धेचं. दरम्यान २०२२साठीची आशियाची पात्रता स्पर्धाही रद्द झाली. मग जागा कशा वाटायच्या? २०१९च्या क्रमवारीवरून. उत्तर कोरियानं आपल्या सीमा बंद केल्या होत्या, तो संघ आला नाही; त्याच्या जागी चीन गेला.

यात काय झालं ते सावकाश बघा. चोनबुरीला जागा मिळवल्या त्या मुख्यतः २००३ आणि २००४मध्ये जन्मलेल्या मुलींनी. २०२२ साली त्या रेघेच्या पलीकडे गेलेल्या होत्या. त्यांनी कमावलेल्या जागेवर त्यांच्याहून धाकट्या मुली खेळल्या. धाकट्यांचा काहीच दोष नाही, त्यांना तर पात्रतेसाठी खेळायची संधीसुद्धा मिळाली नाही. एका पिढीनं कमावलं आणि भोगलं नाही. दुसरीला न कमावता मिळालं. आणि आशियातल्या इतर देशांच्या २००५च्या मुलींनी, ज्यांना कदाचित जपानशी दोन हात करायचे होते, त्यांनी ना कमावलं ना गमावलं. त्यांना मैदानच मिळालं नाही.

इथे 'पात्र'चा शेवटचा अर्थ कामाला येतो. नदीचं पात्र तेच राहतं, पाणी पुढे जातं. महासंघ पात्रासारखा विचार करतो : जपानची जागा जपानला मिळाली, हिशेब मिटला. पण खेळलं होतं पाणी. ते वाहून गेलं आणि परत येणार नव्हतं. त्या काळात प्रशासकांना वेगळं काही करता आलं असतं का? फारसं नाही, असं मलाही वाटतं. जगभर माणसं मरत होती, आणि एखादा निर्णय अपरिहार्य असू शकतो. पण अपरिहार्य निर्णयानंही कोणाचं तरी देणं उरतं, आणि ते देणं देशाचं नव्हे, त्या मुलींचं होतं. क्रमवारीच्या कागदावर ते कुठे नोंदलं गेलं नाही. निदान इतिहासात नोंदावं, म्हणून हे सांगतोय.

हेच आपल्या मुलींच्या बाबतीतही झालं. २०२०साठी तयारी करणाऱ्या भारतीय मुलींपैकी २००३-०४च्या मुली २०२२ला बाद. वर २०२२मध्ये आणखी एक विघ्न आलं. ऑगस्टच्या मध्यावर फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं, बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन. विश्वचषक दोन महिन्यांवर आणि यजमानपदच टांगणीला! सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली प्रशासकांची समिती संपुष्टात आली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं. ११ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली : भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला.

या आकड्यांवर त्या वेळी बरीच टवाळी झाली. पण त्या मुली यजमान म्हणून खेळत होत्या. यजमानाला पात्रता फेरी नसते. म्हणजे जिना न चढता एकदम गच्चीवर नेऊन उभं केलं, आणि वर म्हटलं, धाप का लागली? त्याच स्पर्धेत टांझानिया होती. त्या देशाचा कोणत्याही वयोगटातला हा पहिलाच फुटबॉल विश्वचषक. त्या आफ्रिकेच्या पात्रता फेऱ्यांमधून, शेवटी कॅमेरूनला हरवून आल्या होत्या. मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्यांनी फ्रान्सला २-१ हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. पहिल्या सामन्यात त्याच मुली जपानकडून ०-४ हरल्या होत्या, हेही लक्षात घ्या. एकट्या टांझानियावरून नियम निघत नाही, पण चढून आलेल्या संघाचे पाय कसे असतात ते गोव्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग आपण जिना चढायला लागलो. १० ऑगस्ट २०२५, यांगून. वीस वर्षांखालील मुलींच्या आशियाई चषकाची पात्रता. इंडोनेशियाशी बरोबरी, तुर्कमेनिस्तानवर ७-०, आणि शेवटी म्यानमारला त्यांच्याच घरी १-० हरवून भारत पात्र ठरला. याआधी आपण या स्पर्धेत होतो २००६मध्ये. म्हणजे म्यानमारविरुद्ध धावलेल्या मुलींचा जन्म झाला त्या सुमारास. दोन महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला बिश्केकमध्ये, सतरा वर्षांखालच्या मुली उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलनं मागे होत्या आणि २-१ जिंकल्या. या वयोगटाच्या आशियाई चषकाला आपण २००५ साली गेलो होतो, पण पात्रता फेरी खेळून जाणं हे पहिल्यांदाच. त्याच वर्षी जुलैमध्ये मोठ्या बायकांनीही चियांग माईला थायलंडला २-१ हरवून आशियाई चषक गाठला होता. एका वर्षात तीन जिने.

याचा फार गवगवा झाला नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०२२चा अंतिम सामना झाला, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तो आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. बिश्केकचा सामना किती जणांनी पाहिला? भारतीय मुलींच्या दृष्टीनं दोन्हींत मोठा कोणता, असं मला विचाराल तर मी बिश्केक म्हणेन. विश्वचषक आपल्याकडे आणला होता. बिश्केकची जागा त्या मुलींनी जाऊन आणली.

शेवटचं सांगतो. फिफानं आता सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक दर वर्षी घ्यायचं ठरवलं आहे, २०२५ ते २०२९ सलग मोरोक्कोत, चोवीस संघांचा. काही जाणकार म्हणतात, सामने फार होतील, दर्जा पातळ होईल. ही शंका अगदीच टाकाऊ नाही. लहान वयात अतिखेळानं गुडघे जातात, त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण दर वर्षी स्पर्धा म्हणजे दर वर्षी पात्रता फेरी, आणि दर वर्षी त्या सचिवाच्या टेबलावर एक पत्र. शिवाय दोन वर्षांच्या अंतरामुळे जी मुलगी नेमकी मधल्या वर्षात जन्मली म्हणून सतरा वर्षांची होऊन विश्वचषकाला कधी पोचतच नव्हती, तिच्यासाठीही आता दार आहे. माझा कौल त्या मुलीकडे.

तेव्हा विनंती एकच. पुढे कधी 'भारताच्या मुली पात्र' अशी दोन ओळींची बातमी दिसली, तर तिथे थोडं थांबा आणि त्या संघातली नावं वाचा. दोन वर्षांनी संघाचं नाव तेच असेल, नावं दुसरी असतील. जागा कोणी मिळवली हे तेव्हा कोणाला तरी आठवलं पाहिजे.

 आता प्रश्न घेऊ.